दौऱ्यावरची संध्याकाळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नोकरीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या बायकांबद्दल दोन पत्रं आली. दोन्ही कळकळीनं लिहिलेली होती आणि दोन्हींत ‘बिचाऱ्या’ हा शब्द होता. घर सोडून बॅग उचलायची, अनोळखी गावात एकटीनं राहायचं, हॉटेलचं खायचं, रात्री दाराला खुर्ची लावून झोपायचं, असं आमच्या हालांचं वर्णन होतं. त्यातलं काही खोटं नाही. दाराला खुर्ची मीही लावली आहे. पण एकोणीस वर्षं दौरे केल्यावर त्या पत्रांत मला माझं अर्धंच आयुष्य सापडलं. उरलेलं अर्धं कुणी लिहीत नाही म्हणून लिहायला बसले. मला दौऱ्यावर जायला आवडतं. अगदी मनापासून आवडतं.

मी ४६ वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आई आणि मी राहतो. माझं काम तराजूंचं. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत, सोन्याचा कस पाहणाऱ्या केंद्रांत, संशोधन संस्थांत काचेच्या पेटीतले नाजूक तराजू असतात. ते खरं वजन सांगतात की नाही हे तपासायचं, आणि सांगत नसतील तर जुळवून द्यायचे. मिलीग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत आकडा दाखवणारी ही यंत्रं असतात. डोक्यावरचा पंखा चालू राहिला किंवा कुणी शेजारून दणदण पाय आपटत गेलं, तरी आकडा हलतो. म्हणून ती जड दगडी ओट्यावर ठेवतात. मी आधी पातळीचा बुडबुडा वर्तुळाच्या बरोब्बर मध्ये आणते, काचेची दारं लावते आणि थांबते. मग मखमलीच्या खाचेतलं वजन चिमट्यानं उचलून ठेवते. बोट लावायचं नाही, बोटाचा घामही मोजला जातो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मला पुष्कळ जण विचारतात, ‘तुम्हीच कशाला जाता, मशीनच का नाही मागवून घेत?’ तराजू मागवून भागत नाही. तो खालच्या दिशेची ओढ मोजतो, आणि पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्ताकडे सरकलं की किंचित घटते, उंचावर गेलं की घटते. नागपुरात जुळवलेला तराजू केरळात नेला, तर तेच दोनशे ग्रॅमचं वजन तो थोडं कमी दाखवेल. हाताला काही कळणार नाही, पण औषधाच्या गोळीच्या हिशेबात तो फरक मोठा असतो. म्हणून तराजू जिथं वापरायचा, तिथंच जाऊन जुळवावा लागतो. आणि म्हणून माझी वजनांची पेटी आणि मी महिन्यातले दहा-बारा दिवस नागपूरबाहेर असतो.

पहिला दौरा २००७ साली हैदराबादचा. मी सत्तावीस वर्षांची होते. काम दुपारी एकलाच संपलं आणि परतीची गाडी रात्री होती. हॉटेलच्या खाली सोफ्यावर पेटी मांडीवर घेऊन बसले. आठ तास तसेच काढायचे असं ठरवूनच बसले होते, कारण दुसरं काही करता येतं हे सुचलंच नाही. काउंटरमागच्या वयस्कर गृहस्थांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, ‘बेटी, पेटी इधर रखो, सालारजंग देख के आओ.’ मी पेटी काही ठेवली नाही, पण गेले.

मुसी नदीच्या काठी ते संग्रहालय आहे. आत एक मोठं घड्याळ आहे. तासाचे टोले पडायची वेळ आली की त्याच्या समोर माणसं येऊन बसतात. शाळेची मुलं, गावाकडून आलेली कुटुंबं, म्हातारी जोडपी. सगळे गप्प. घड्याळातला एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. वेळ झाली की एक लहानसा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. एवढंच. मी तीनचे टोले ऐकले आणि चारचे ऐकायला पुन्हा तिथंच येऊन बसले. शेजारच्या बाईनं न विचारता माझ्या हातावर सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या. ‘चलो’ म्हणणारं माझ्यासोबत कुणी नव्हतं. एक गोष्ट मला हवी तितका वेळ बघता येते, हे त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

इथं घरी मी कुणाची तरी मुलगी, कुणाची आत्या, बँकेत नि दवाखान्यात न्यायला हाताशी असलेली, लग्नकार्यात ‘तुला काय, तू मोकळीच आहेस’ म्हणून कोठीघर सांभाळणारी. ही सगळी नाती मला प्रिय आहेत. पण दौऱ्यावर संध्याकाळी साडेपाचला प्रयोगशाळेचं रजिस्टर सही करून मी बाहेर पडते, तेव्हा पुढचे चार तास माझे असतात. कुठल्या गल्लीत वळायचं, काय खायचं, कुठल्या पायरीवर किती वेळ बसायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. लग्न झालेल्या माझ्या दोन सहकारी मैत्रिणीही अगदी हेच म्हणतात, फक्त हळू आवाजात.

हे सुख मला कुणी आपणहून दिलेलं नाही, तेही सांगते. २०१२ मध्ये विशाखापट्टणमच्या कामातून माझं नाव कमी झालं. आमचे तेव्हाचे साहेब वाईट नव्हते. ‘मॅडम, रात्रीबेरात्रीचा प्रवास, तुम्ही कशाला दगदग करता, पोरं जातील,’ असं म्हणाले. त्या दौऱ्यावर गेलेल्या मुलाला पुढच्या वर्षी तो सगळा भाग मिळाला आणि त्यामागोमाग बढतीही. काळजी माझी झाली आणि बढती त्याची. मी लेखी अर्ज दिला, एका ओळीचा: माझी काळजी मी घेईन, काम मला द्यावं. आज कितीतरी कार्यालयांत दौऱ्याची यादी करताना बाईचं नाव न विचारताच गाळलं जातं, आणि गाळणाऱ्याला आपण भलंच केलं असं वाटतं. माझी त्यांना विनंती आहे की एकदा विचारून बघा. ज्यांना जायचं नाही त्या नाही म्हणतील. कुणाचं तान्हं मूल असेल, कुणाकडे आजारपण असेल. पण विचारा.

विशाखापट्टणमला मी पुढच्या खेपेस गेले, समता एक्सप्रेसनं. तिथं समुद्राच्या वाळूवर एक खरी पाणबुडी आणून ठेवली आहे, ‘कुरसुरा’. नौदलात १९६९ साली दाखल झालेली, २००१ साली निवृत्त झालेली. संध्याकाळी साडेसहाला काम आटोपून मी तिच्या पोटात शिरले. एक्याण्णव मीटर लांब, पण आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. गोल भोकासारख्या दारांतून वाकून एका खोलीतून दुसरीत जायचं. नळ्या, चाकं, तबकड्या, आणि टोकाला एकावर एक झोपायच्या फळ्या, आपल्या गाडीच्या बर्थपेक्षाही अरुंद. मी तराजूवाली बाई, मला तबकड्यांपासून हलवणं कठीण. तिथले एक निवृत्त नौसैनिक प्रत्येक तबकडी काय मोजते ते मला अर्धा तास सांगत होते. बाहेर आले तेव्हा समुद्रावरचे दिवे लागले होते. भाजलेलं कणीस घेऊन कठड्यावर बसले. नागपूरकराला समुद्र म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

इंदूरचा सराफा तर माझ्या कामाचाच भाग. दिवसा सोन्याचांदीच्या दुकानांत तराजू तपासायचे, आणि रात्री ती दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. ज्या पेढीवर मी दुपारी चारला मिलीग्रॅमचा हिशेब घातला, तिच्याच पायरीवर रात्री दहाला बसून मी भुट्ट्याचा कीस खाल्ला आहे. थंडीचे दिवस होते, गराडू नावाचे कंद तळले जात होते, वर जिरावण मसाला पडत होता. गर्दी बायकांची, पोरांची, आज्ज्यांची. रात्री साडेअकराला त्या गल्लीत मला एका क्षणासाठीही भीती वाटली नाही. बाईला सुरक्षित वाटण्यासाठी पोलिसाची गाडी लागते असं आपण समजतो. मला तरी उजेड, उघडी दुकानं आणि आजूबाजूला दुसऱ्या बायका, एवढं पुरतं.

आता एका वाईट रात्रीबद्दल. गावाचं नाव लिहीत नाही. गाडी चार तास उशिरा पोचली, रात्रीचे पावणेअकरा. ऑफिसनं खोली राखून ठेवलेली, पैसे भरलेले. काउंटरवरच्या मुलानं आधार कार्ड पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, ‘साथ में कौन है?’ कुणी नाही म्हटल्यावर मालकाला फोन लावला आणि सांगितलं, एकट्या बाईला खोली देत नाही, नियम आहे. असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र दाखवायचं, नोंदवहीत नाव लिहायचं, एवढंच बाईनंही करायचं आणि पुरुषानंही. मी हे सांगितलं. त्याला ते माहीत होतं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, पण तो वर बघायलाच तयार नव्हता. ती रात्र मी रेल्वे स्टेशनवर बायकांच्या प्रतीक्षालयात काढली, वजनांची पेटी मांडीवर घेऊन. एका आजीबाईनं तिच्या गोधडीचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं. सकाळी तिथंच तोंड धुऊन नऊच्या ठोक्याला कामावर हजर झाले.

आईला हे मी दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेजारपाजारचं एकच उत्तर आलं असतं: ‘म्हणून म्हणून राहिलो ना तुला, नको जात जाऊ एकटी.’ मला अजूनही राग येतो तो या उत्तराचा. चूक काउंटरवरच्या माणसाची आणि शिक्षा माझ्या फिरण्याला. घरात पाय घसरून पडलेल्या माणसाला आपण ‘घरात राहू नका’ म्हणत नाही.

सावध मी असतेच. नव्या गावात उजेडी पोचेन असं तिकीट काढते. खोली घेतल्यावर तिथं झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारते, तुम्ही जेवता कुठे, कुठला रस्ता रात्री चालतो, कुठला नाही. त्यांच्याइतकी खरी माहिती कुणाकडेच नसते. गाडीत आता रेल्वे सुरक्षा दलाच्या मुली येतात, ‘मेरी सहेली’ म्हणून. २०२० पासून हे सुरू आहे. एकट्या बाईचा सीट नंबर विचारून लिहून घेतात, १३९ हा नंबर लक्षात ठेवा म्हणतात, आणि पुढच्या स्टेशनवर दुसरी कुणी येऊन ‘ठीक आहे ना’ विचारून जाते. गेल्या वेळी आलेली मुलगी यवतमाळकडची निघाली. बोलण्यावरून मी ओळखलं, तिनं मला ओळखलं, आणि दोन मिनिटं त्या डब्यात आमचं गावच उतरलं. पंचेचाळिशी ओलांडल्यापासून रेल्वेच्या कोट्यातून खालचा बर्थही मिळतो. वयाचा मला झालेला हा पहिला फायदा आहे आणि तो मी आनंदानं घेते.

एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्रिचीला काम होतं, मध्ये रविवार आला, म्हणून बसनं तंजावरला गेले. बृहदीश्वराचं देऊळ हजार वर्षांचं, सगळीकडे तमिळ, मला एक अक्षर वाचता येईना. आणि फिरता फिरता एका भिंतीवर मराठी! भोसल्यांच्या वंशाचा इतिहास, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला, भिंतभर. मी तिथूनच आईला फोन लावला आणि एकेक शब्द जुळवत वाचून दाखवू लागले. प्रत्येक दौऱ्याआधी ‘एकटीच चालली का गं’ विचारणारी माझी आई. पंधरा मिनिटं झाली, माझा घसा सुकला. मी थांबले तर ती म्हणाली, ‘पुढे काय लिहिलंय?’ त्या दिवसापासून दौऱ्याला निघताना ती मला विचारते, तिथं बघायला काय आहे.

आणि आता, संपादक महोदय, आपल्या गावाबद्दल. हे पत्र मी खरं तर यासाठीच लिहायला घेतलं.

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मला कोचीची एक बाई भेटली. गुणवत्ता तपासणीला आलेली, माझ्याच वयाची, एकटी. पाच दिवसांपैकी चार संपले होते. मी विचारलं, नागपूर कसं वाटलं? ती म्हणाली, माझ्या खिडकीतून उड्डाणपूल दिसतो, मेट्रो जाताना दिसते. चारही संध्याकाळी ती वर्धा रोडवरच्या खोलीत बसून खिचडी मागवून खात होती. तिनं नेटवर शोधलं तर बघण्यासारखं जे होतं ते तिची सुटी होईपर्यंत बंद होणारं. टॅक्सीवाल्यानं मॉल सुचवला. इतक्या गावांनी मला संध्याकाळी दिल्या, आणि माझ्या गावानं तिला खिडकी दिली. मला फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी तिला मेट्रोनं घेऊन निघाले. झिरो माईलचा दगडी खांब आणि ते चार घोडे दाखवले. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, तर फुटपाथ कुठे आहे तेच तिला दिसेना. दुकानांचा माल, गाड्या आणि हातगाड्या यांच्यामधून आम्ही रस्त्याच्या कडेनं चालत होतो, आणि ती माझा दंड धरून होती. एका जागी तिला स्वच्छतागृह हवं होतं. बर्डीसारख्या ठिकाणी मला तिला एका कपड्याच्या दुकानात घेऊन जावं लागलं आणि ओळखीवर विचारावं लागलं. तिनं काही तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खायला नेलं. लाल तर्री, वर चणे, कच्चा कांदा. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं दुसरी प्लेट मागितली. मग तिनं आपणहून परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं. रविवारी आम्ही सेवाग्रामला गेलो. बापूकुटीच्या चटईसमोर ती बराच वेळ उभी राहिली, आणि मी ‘चला’ म्हटलं नाही.

या गावात कामासाठी येणाऱ्या बायका थोड्या नाहीत. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत येतात, कापूस संशोधन केंद्रात येतात, विमानतळाजवळच्या मिहान उद्योग प्रकल्पात, एम्समध्ये, हायकोर्टात येतात. हिवाळी अधिवेशनाला तर किती येतात! मंत्रालयातल्या कर्मचारी, वार्ताहर मुली, आणि गावोगावहून बंदोबस्ताला आलेल्या पोलीस शिपाई मुली. त्या मुलींची ड्युटी सुटल्यावर त्या कुठे जातात, याचा विचार आपण कधी केला आहे का? मला स्वतःला तो कोचीची पाहुणी भेटेपर्यंत सुचला नव्हता.

म्हणून माझं मागणं लहान आहे. १८६३ पासूनचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, आठवड्यातून निदान एक दिवस रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा. नोकरीवरचं माणूस, इथलं काय आणि बाहेरचं काय, दिवसा तिथं जाऊच शकत नाही. बर्डीचा एक फुटपाथ, एकच, पायी चालणाऱ्यांना परत मिळावा. मेट्रोच्या स्टेशनांपासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवे आणि बाजारात बायकांसाठी पाणी असलेलं, कडी लागणारं, रात्री नऊपर्यंत उघडं स्वच्छतागृह असावं. आणि आपल्या हॉटेलवाल्यांनी काउंटरवरच्या मुलांना एवढं शिकवावं की एकटी बाई आली तर तिच्या मागे बघू नका, तिच्याकडे बघा आणि किल्ली द्या.

आपल्या वाचकांनाही सांगणं आहे. तुमच्या कार्यालयात बाहेरून कुणी बाई कामाला आली असेल, तर तिला संध्याकाळचं विचारा. सोबत जायला जमलं नाही तरी चालेल. कुठे काय चांगलं मिळतं आणि कुठला रस्ता रात्री चालतो, एवढं कागदावर लिहून द्या.

कालच कोचीहून निरोप आला. तिला डिसेंबरात पुन्हा बुटीबोरीचं काम निघालं आहे. या वेळी ती दोन दिवस आधी येणार, रामटेक बघायचं म्हणते. तिनं विचारलं आहे की तेव्हा संत्री असतील का. मी कळवलं, असतील, आंबिया बहाराची फळं तेव्हा असतात.

आपली,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर